पंधरा मिलीमीटर

झालं एवढंच, की सकाळी निघायच्या घाईत तिचा हात बाबांच्या बनियनच्या आत गेला आणि मध्ये काहीच लागलं नाही. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढत होते, फोन खिशातून निसटायला आला होता, तो वर सरकवावा एवढाच तिचा विचार. खिसा तिनेच शिवलेला, बनियनला आतून, बाबांच्या हुकमावरून. त्याचं कापड घामाने आणि घासून घासून विरलं होतं, मधोमध तर नुसती जाळी राहिली होती. बोटांना आधी फोनची कोमट पाठ लागली आणि लगेच बाबांची कातडी. ओलसर, सैल, म्हातारी. दोहोंच्या मध्ये नख शिरेना. फोन जरा बाजूला केला तर खाली त्याच्या कडांचा लांबट चौकोनी वळ उठलेला. हा वळ दाबाचा आहे, घड्याळाच्या पट्ट्याचा उठतो तसलाच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी तो दाखवून 'बघा, लहरींनी भाजलंय' असं म्हटलं असतं तर तिने त्याला उभा-आडवा झापला असता. पण हात निघेना. इतक्या वर्षांत तिच्या बोटांना सवय झाली होती ती फोन आणि अंग यांच्यात काहीतरी लागायची. पंधरा मिलीमीटर. बोटाच्या रुंदीएवढी हवा. आणि इथे, तिच्या स्वतःच्या घरात, सख्ख्या बापाच्या छातीवर, ती हवा नव्हतीच.

"काय गं? आला का फोन?" बाबा दचकून जागे झाले आणि ओरडले. बाबा नेहमी ओरडूनच बोलत, कारण त्यांना स्वतःचाही आवाज धड ऐकू येत नसे.

तिने मान हलवून नाही म्हटलं, फोन होता तिथे नीट बसवला आणि चपला पायांत सरकवून निघाली. बसमध्ये जागा मिळाली तरी ती सुखाने बसली नाही. उजव्या हाताची बोटं ती सारखी पदराला पुसत होती, आणि पुसतेय कशाला, काय लागलंय त्यांना, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

तिचं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग घाबरतात. मोबाइल फोन बाजारात यायच्या आधी तो माणसाच्या अंगात किती रेडिओ लहरी मुरवतो ते मोजायचं. आता जिवंत माणसाच्या मेंदूत सुई घालून कसं मोजणार? म्हणून लॅबमध्ये प्लॅस्टिकचं एक पोकळ डोकं आहे, आडवं झोपवलेलं, चांगल्या दांडग्या पुरुषाचं. त्याला सगळे मामा म्हणतात. धडासाठी सपाट बुडाचं मोठं भांडं आहे, ती परात. दोन्हींत एक द्रव भरायचा. पाणी, साखर, मीठ आणि अजून काहीबाही घालून ढवळलेला, माणसाच्या मांसातून लहरी जशा जातात तशाच त्यातून जाव्यात असा बेतलेला. त्याला म्हणायचं पाक. फोन खालून लावायचा, वरून यंत्राचा हात येतो, बारीक प्रोब, म्हणजे लहरी मोजणारी सळई, पाकात बुडवतो आणि तसूतसूने सरकत आकडे घेत जातो. मामाच्या गालाला फोन टेकवूनच मोजतात, तिथे कुणाची तक्रार नाही. परातीचं मात्र निराळं. परात आणि फोन यांच्यामध्ये फोमचा ठोकळा ठेवायचा, कारण माणूस फोन पट्ट्याला लावतो, पिशवीत टाकतो, अंगाला काही चिकटवत नाही, असं कुणीतरी कधीतरी धरून चाललं. फोम म्हणजे लहरींच्या लेखी हवाच. तो ठोकळा बसवण्यात तिचा हात असा सराईत, की लॅबमध्ये तिचं नावच मिलीमीटर पडलं होतं. 'मिलीमीटर, चहा घेणार का?' 'मिलीमीटर आज रजेवर आहे का?' खोटं कशाला बोला, तिला त्या नावाचा तोरा होता. आज मात्र ते नाव आठवलं आणि तोंड कडू झालं.

बसच्या खिडकीला डोकं टेकवून तिने डोळे मिटले, तर काचेच्या थरथरीतून छापखाना वर आला. बाबा छापखान्यात मशिनवर होते. शाळेला सुट्टी असली की डबा पोचवायचं काम तिचं. गेटपाशीच जमीन पायांत शिरायची, आणि आत गेलं की आवाज कानाला लागायचाच नाही, तो दातांना लागायचा. बाबा आणि त्यांचे जोडीदार हातवाऱ्यांनी बोलत. शाईने काळी झालेली बोटं वर करून बाबा 'ठेव तिथे' म्हणायचे आणि हसायचे, आणि तिला वाटायचं, आपल्या बाबांना एक गुप्त भाषा येते. अशाच एका दुपारी आवाज मोजायला माणूस आला होता. म्हणे कामगारांनी ओरड केली होती. मालकांच्या केबिनमध्ये, जाड काचेच्या आड, खुर्चीत ऐसपैस बसून त्याने चामड्याच्या पेटीतून काटा असलेलं यंत्र काढलं. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात चहाची बशी. ती कोपऱ्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. काटा हलला, डोलला, थांबला. "मर्यादेत आहे," माणूस म्हणाला. मालक हसले. मग त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, यंत्र तिच्या तोंडापुढे धरलं आणि म्हणाला, "बोल की काहीतरी, चिमुरडे." ती 'आ' म्हणाली, आणि काटा तिच्यासाठी हलला! तिथेच ती त्या काट्याच्या प्रेमात पडली. पुढचं शिक्षण, ही नोकरी, सगळं त्या एका 'आ'तून निघालेलं. त्या माणसाला ती कित्येक वर्षं मनातल्या मनात गुरू मानत आली. तो खोटारडा नव्हता हो. यंत्र बरोबर होतं, काटा बरोबर होता, आकडासुद्धा बरोबर होता. फक्त बाबांचे कान काचेच्या आड नव्हते. हे तिला इतकी वर्षं कळलं नव्हतं असं नाही, पण कळून तिने ते कुठेतरी मागे सारून ठेवलं होतं, आणि आज सकाळी बनियनमधून ते हाताला लागलं.

बाबांचे कान हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग फोनची रिंग. वरचे, बारीक आवाज सगळे गेले. राहिले ते जाडे, खालचे. बाबांनी त्यावर आपली युक्ती काढली. दार कुणी ठोठावलं की त्यांना भिंतीला टेकलेल्या पाठीतून कळायचं. ती स्वयंपाकघरात काय बोलते ते टेबलावर तळवा ठेवून ते ताडायचे, निदान बोलते आहे एवढं तरी. आणि दादा घर सोडून गेल्यापासून फोन छातीशी आला. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. बाबांशी कडाकडा भांडून जहाजावर नोकरीला लागला, आणि कुठल्या कुठल्या बंदरातून, कधीही, दरवेळी नव्या नंबरावरून फोन करायचा. उलट लावायची सोय नाही. एकदा फोन टेबलावर होता, ती कामावर होती, बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते, आणि फोन वाजून वाजून बंद पडला. दादाने अर्थ काढला, म्हाताऱ्याचा राग अजून गेलेला नाही. मग कितीतरी महिने त्याने फोनच केला नाही. त्या महिन्यांत बाबा कसे दिसायचे ते तिला आठवायचं नव्हतं. पुन्हा फोन आला तेव्हा बाबांनी तो कानाला असा दाबून धरला की कान पांढरा पडला. शब्द एकही कळत नव्हता, पण आवाज दादाचा आहे एवढं कळत होतं, आणि बाबा आपले एकटेच बोलत होते, "जेवतोस ना? जेवतोस ना रे?" त्याच दिवशी त्यांनी खिसा शिवायला सांगितला. आतून. थरथर सरळ हाडाला लागली पाहिजे म्हणाले.

लॅबमध्ये तिच्या टेबलावर नवं खोकं येऊन पडलं होतं. खास ज्येष्ठांसाठी काढलेला फोन. मोठाले आकडे, जोरात थरथरणारा, आणि सोबत गळ्यात घालायचा रेशमी गोफ. खोक्यावर एक गुबगुबीत आजोबा हसत होते, फोन त्यांच्या छातीवर पदकासारखा विसावलेला. आणि आतल्या पुस्तिकेत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'वापरताना शरीरापासून किमान पंधरा मिलीमीटर अंतर राखावे.' असल्या ओळी तिने हजारदा वाचल्या होत्या. वाचल्या होत्या आणि ठोकळा बसवला होता. आज मात्र तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की म्हणता सोय नाही. अरे, गोफ तुम्हीच देता, गळ्यात तुम्हीच घालायला सांगता, छातीवर रुळतानाचा फोटो तुम्हीच छापता, आणि मोजायची वेळ आली की म्हणता अंतर राखा! आजोबांनी काय एक बोट सतत मध्ये घालून हिंडायचं? आणि नियम तरी काय सांगतो? फोनसोबत जे द्याल ते घेऊन, लोक जसं वापरतील तसं मोजा. हातात घेतलेला फोमचा ठोकळा तिने परत खणात टाकला, खण गुडघ्याने बंद केला आणि फोन परातीच्या बुडाला थेट चिकटवला. यंत्राचा हात खाली आला. ती काचेच्या अलीकडून बघत राहिली. मर्यादा किलोमागे दोन वॅटची. आकडा चढत चढत तीनच्या घरात जाऊन बसला. तिच्या अंगावर काटा आला, आणि, हे तिने पुढे स्वतःजवळ कबूल केलं, तो भीतीचा नव्हता. आनंदाचा होता.

तिने सरांना बोलावलं. सर म्हणजे लॅबचे प्रमुख, तिला पाक ढवळायला शिकवणारे. त्यांच्याबरोबर फोन कंपनीचा माणूसही आला. टायवाला, गुळगुळीत दाढीचा, हसतमुख. तिने एका दमात सगळं सांगितलं. गोफ, आजोबा, शून्य अंतर. सरांनी आकडा बघितला, आणि अंतराबद्दल एक अक्षरही न विचारता ते परातीपाशी गेले.

"हिचं झाकण कधीपासून उघडं आहे?"

तेव्हा तिला आठवलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शेजारणीचा फोन आला होता, बाबा दार उघडत नाहीत म्हणून, आणि ती होती तशी धावत सुटली होती. बाबा न्हाणीघरात होते, एवढंच. झाकण मात्र राहिलं ते राहिलं. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं. खारट झालेला पाक लहरी जास्त पितो, हे नव्या आलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मोजायच्या आधी पाक तपासायचा असतो. रागाच्या भरात तिने तो तपासलाच नव्हता.

"मॅडम, चहा आटला की कडू लागणारच की!" टायवाला म्हणाला, आणि आजूबाजूचे सगळे हसले. सरसुद्धा ओठांतल्या ओठांत.

अशी तोंडघशी ती आयुष्यात पडली नव्हती. दिवसभर कान तापलेले राहिले. लोक काय म्हणतील याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. तो आकडा तिला हवा होता. तिने तो मोजला नव्हता, मागितला होता. मोजणाऱ्याने काही मागायचं नसतं. मागितलं की काटा तुमच्या मर्जीने हलतो, तुम्ही 'आ' म्हणाल तसा. केबिनमधल्या त्या माणसालाही तर आकडा हवाच होता. मग त्याच्यात आणि आपल्यात फरक तो काय? संध्याकाळी निघताना तिने खणातून फोमचा ठोकळा काढला आणि, कुणाला न विचारता, पर्समध्ये टाकला.

घरी येऊन तिने बाबांचा दुसरा बनियन घेतला, फोमची चकती कापली आणि खिशात आतल्या बाजूला टाचून दिली. फोन त्याच्यापुढे छान बसला. बाबांनी बनियन घातला. तिने मुद्दाम स्वयंपाकघरातून आपल्या फोनवरून त्यांना फोन लावला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. रिंग वाजत होती, फोन थरथरत होता, आणि बाबा आपले खुशाल बाहेर बघत होते. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. चहा गॅसवर उतू गेला तरी ती दारात तशीच उभी. मग बाबांचं लक्ष गेलं तिच्या हातातल्या फोनकडे, तिच्या तोंडाकडे, आणि त्यांनी छाती चाचपली. आत हात घालून त्यांनी चकती टराटरा उसवून काढली.

"हे काय आहे?"

"फोम आहे, बाबा. अंतर राहावं म्हणून." तिने ओठ नीट हलवून सांगितलं, तळव्यावर बोटाने दाखवलंही. "तुमच्यासाठीच केलं. मर्यादा असते एक."

"कसली मर्यादा?" बाबा कडाडले. शेजारच्या भिंतीलाही ऐकू गेलं असेल. "माझ्या कानाची मर्यादा कुणी ठरवली होती? मर्यादेतच होतं ना सगळं? आता त्याचा फोन आला आणि मला कळलं नाही, तर तुझी मर्यादा त्याला जाऊन सांगणार आहे का, की बाप जिवंत आहे, रागावलेला नाही?" चकती त्यांनी टेबलावर आपटली. फोमच तो, आवाज कसला होतोय! त्याने ते आणखीच चिडले. "मी हा इथेच ठेवणार. असाच ठेवणार. काय मोजायचं ते तू तुझ्या तिथे मोज."

फोन काढा असं त्यांना सांगायचा तिला काय अधिकार? आणि काढा म्हणावं इतकं काही झालंही नव्हतं. मर्यादा ही मुळातच धोक्याच्या कितीतरी पट खाली आणून ठेवलेली असते, दोनाचे तीन झाले म्हणून माणूस कोसळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण मग तिला इतकं का लागलं होतं? भांडी घासताना, पाणी कोपरापर्यंत वाहत असताना, तिला ते एकदम दिसलं. बाबा बदलणार नव्हते. बाबांना अंतर परवडतच नव्हतं. ज्यांना फोन छातीला चिकटवावा लागतो, ते चिकटवणारच. मग मोजणाऱ्यांनी बाबांपाशी यायचं की बाबांनी मोजणाऱ्यांच्या काचेआड जाऊन बसायचं? तिने नळ बंद केला. बाबांनी तोंडावर दिलेला हुकूम होता तो, 'तू तुझ्या तिथे मोज.' ठीक आहे. मोजते.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. जुना पाक ओतून दिला, परात घासली, नवा पाक केला. पाणी, साखर, मीठ. ढवळताना हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून हळू, एकाच बाजूने, सरांनी शिकवलं होतं तसं. तपासला. बरोबर उतरला. पुन्हा तपासला. झाकण लावून फोनची बॅटरी पूर्ण भरेपर्यंत थांबली. मग फोन चिकटवला आणि आकड्याकडे पाठ करून उभी राहिली. मनाला बजावत होती, काही मागायचं नाही. दोनाच्या खाली आला तर खाली लिहायचं आणि टायवाल्याला हात जोडून चहा पाजायचा. तसं झालं तर बरंच की! बाबांच्या छातीवर असलाच कुठलातरी फोन आहे, खाली आला तर आपल्यालाच रात्री झोप लागेल. यंत्राचा हात गुरगुरत फिरत राहिला. तो थांबल्यावर ती वळली. कालच्याइतका नव्हता. पण दोनाच्या वरच होता. दोनावर चांगला तीन दशांश. या वेळी अंगावर काटाबिटा आला नाही. नुसता राग आला, स्वच्छ, थंड, पोटभर.

सर आणि टायवाला आले तेव्हा तिने आधी पाकाचा आकडा पुढे केला, मग फोनचा. सरांनी दोन्ही बघितले आणि चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"पाक ठीक आहे," ते म्हणाले. "पण अंतर? पुस्तिकेत पंधरा लिहिलंय. फोम लाव आणि मोज. आरामात बसेल मर्यादेत."

"लिहिलंय खरं," ती म्हणाली आणि टायवाल्याकडे वळली. "साहेब, जरा गळ्यात घालता का हा?"

तो हसतमुखच माणूस. त्याने गोफ गळ्यात घातला. फोन टायवर येऊन विसावला, हुबेहूब खोक्यावरच्या आजोबांसारखा.

"आता पंधरा मिलीमीटर लांब धरा."

त्याने फोन बोटाने पुढे ढकलून धरला. "हा घ्या."

"असंच धरून ठेवा. आणि चहा घ्या ना, गार होतोय तुमचा."

दुसऱ्या हाताने त्याने कप उचलला, बशी सरकली, तिला सावरायला पहिला हात गेला, आणि फोन टपकन टायवर बसला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. काल हसलेल्यांपैकीच कुणीतरी.

"टाय धरून तीन मिलीमीटर," ती म्हणाली. "आणि तुम्ही धडधाकट आहात, साहेब. आजोबांचे हात थरथरतात."

टायवाल्याचं हसू गेलं. गोफ काढताना तो त्याच्या केसांत अडकला, त्याने तो हिसडला. "मॅडम, तुम्ही भीती पसरवताय. एवढ्याने कुणाला काही होतं का? सांगा ना, होतं का?"

"नाही होत," ती म्हणाली. "होतं असं मी म्हटलंच नाही. मी कुणाला आजारी पाडत नाहीये आणि कुणाला घाबरवतही नाहीये. मर्यादा दोन आहे. ती तुम्ही मान्य केलीत, मी मान्य केली. मग मोजायचं कुठे, तर माणूस असेल तिथे. माणूस नसलेल्या जागी मोजून मी सही करणार नाही. थोडी ताकद कमी करा, गोफाला जाड तळ लावा, काय करायचं ते करा आणि घेऊन या, मी आनंदाने मोजेन. पण फोम लावणार नाही."

"मिलीमीटर," सर हळूच म्हणाले. त्यांनी तिला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. "तू थकलीस. घरी जा. फोम दुसरं कुणी लावेल. आणि तुझं इथलं काय, ते मग बघू."

बघू! तिला कळलं त्या 'बघू'त काय आहे ते. भाडं, बाबांची औषधं, या वयात दुसरी लॅब, सगळं त्या एका 'बघू'त होतं. पण तिने रिपोर्टावर अंतराच्या रकान्यात शून्य लिहिलं, पुढे आकडा लिहिला, खाली सही केली, कागद सरांच्या हातात दिला आणि पर्स उचलली. बाहेर पडताना मामाच्या प्लॅस्टिकच्या गालावर तिने एक टिचकी मारली. का मारली ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती आणि बाबा टेबलाशी बसले होते. बाबांनी जुनाच बनियन घातला होता, आणि ती त्याच्या खिशाला नवं कापड लावत होती, बाबांच्या अंगावरच, सुई सांभाळून. कापड पातळ निवडलं होतं. थरथर कळेल असं. टेबलावरचा तिचा फोन वाजायला लागला. बाबांचा तळवा टेबलावर होता; त्यांनी तो झटकन उचलला.

"कोण? दादा आहे का?"

तिने मान हलवली. 'ऑफिस,' ओठांनी म्हणाली. फोन कानाला लावला, गच्च दाबून, बाबा धरतात तसा.

"तुझा रिपोर्ट मी फाइलला लावलेला नाही," सर म्हणाले. आवाज दमलेला होता. "तुझ्या जागी कुणाला बसवायचं माझ्या जिवावर येतंय गं. उद्या सकाळी ये. मुकाट्याने पुन्हा मोज, आणि विषय संपव. नाहीतर येऊच नकोस."

ती बाबांकडे बघत होती. बनियनच्या उघड्या गळ्यातून तो चौकोनी वळ दिसत होता. बाबा तिच्याकडे बघत होते, ती काय बोलणार याची वाट बघत, आणि ऐकू येणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी हात लांब केला आणि तळवा तिच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, सपाट टेकवला. लहानपणी तिला खोकला झाला की ठेवायचे तसा.

"हवं तितक्या वेळा मोजते, सर," ती म्हणाली. "उद्या मोजते, परवा मोजते. पण छातीला चिकटवूनच."

"काय म्हणालीस?" बाबा ओरडले. "कळलं मला, काहीतरी म्हणालीस! परत म्हण!"

तिने ते परत म्हटलं. फोनमध्येच, पण जाड, खालच्या आवाजात, पोटातून, बाबांच्या तळव्याला लागेल इतक्या जोरात.